धारा ७४ आणि बडोद्याहून आलेला फोन

वकीलताई,

आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. माझी मुलगी २४ वर्षांची आहे. मंडळाच्या नाटकाच्या तालमी चालल्या होत्या, तेव्हा सामानाच्या खोलीत आमच्याच ओळखीतल्या, माझ्या थोरल्या दिरांच्या वयाच्या एका गृहस्थांनी तिला मागून धरलं, छातीला हात लावला आणि ‘कोणाला सांगू नकोस’ म्हणाले. त्यांना ढकलून ती बाहेर पळाली. घरी तिने चार दिवसांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही थान्यात जाऊन रिपोर्ट लिहवली. कागदावर धारा ७४ आणि ७५ आहे, ‘लज्जा भंग करने के आशय से’ असं लिहिलंय. पुण्याचा भाचा ते वाचून म्हणाला, हे मॉलेस्टेशन. मुलीचा साखरपुडा बडोद्याला झालाय. तिकडे कोणीतरी ‘सेक्शुअल असॉल्टची केस आहे’ असं पोचवलं. मुलाच्या आईंचा फोन आला, नक्की काय झालं होतं ते खरं सांगा. इकडे मंडळातली मोठी माणसं म्हणतात, छेडछाडच तर होती, ते माफी मागतील, पोरीने राखी बांधावी आणि केस परत घ्यावी. तो माणूस अजून मोकळा फिरतोय. मला इंग्रजी बेताचंच येतं. हे शब्द एकच की वेगळे? पोलिसांनी हलकी धारा लावली का? पुढच्या आठवड्यात तिचं कोर्टात बयान आहे. बडोद्याला काय सांगू? आणि तिने नाटकात काम करावं की सोडावं?

एक आई

ताई,

पोलिसांनी हलकी धारा (आपल्या मराठीत कलम) लावलेली नाही. जे घडलं त्याला हीच धारा लागते. आपण वर्षानुवर्षं पेपरात वाचत आलो ते जुन्या दंडसंहितेचं कलम ३५४, म्हणजे स्त्रीचा विनयभंग करण्याच्या हेतूने, किंवा तसं होईल हे ठाऊक असताना, तिच्यावर हल्ला करणं किंवा बळ वापरणं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि त्याचा नंबर ७४ झाला. शिक्षा कमीत कमी १ वर्ष, जास्तीत जास्त ५ वर्षं, वर दंड. २०१३ च्या आधी ती फार तर २ वर्षं होती आणि नुसत्या दंडावरही सुटता येत होतं. सोबतची ७५ ही लैंगिक छळाची. नको असलेला स्पर्श आणि लगट तिच्यात येते, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. तुमच्या मुलीच्या तक्रारीतलं सगळं या दोन धारांत येतं.

आता भाच्याचा शब्द. ‘मॉलेस्टेशन’ नावाचा गुन्हा आपल्या न्याय संहितेत नाही, जुन्या दंडसंहितेतही नव्हता. तो इंग्रजी वर्तमानपत्रांचा आणि पोलिसांच्या प्रेसनोटचा शब्द. ३५४ चं लांबलचक इंग्रजी वाक्य मथळ्यात मावत नाही, म्हणून तो रुळला. मराठी पेपर तिथे ‘विनयभंग’ छापतात, इंदूरचे हिंदी पेपर ‘छेड़छाड़’, बडोद्याचे गुजराती पेपर ‘छेडती’. तेव्हा भारतापुरतं भाचा चुकला नाही. पण हा शब्द सीमा ओलांडला की बदलतो. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कौटुंबिक कायद्याखाली ‘नॉन-मॉलेस्टेशन ऑर्डर’ मिळते. घरातल्या माणसाने मारहाण, धमक्या, सततचा त्रास देऊ नये म्हणून ती असते, आणि त्या त्रासात लैंगिक काही असावंच असं नाही. अमेरिकेत हा शब्द ऐकला की माणसाच्या डोळ्यांसमोर लहान मूल येतं, कारण तिथे तो बहुतेक मुलांवरच्या अत्याचारासाठी वापरतात. बडोद्याच्या घरचा एखादा काका न्यू जर्सीत नसेल तर नवलच. त्याने हा शब्द ऐकला तर तो भलतंच समजेल, म्हणून तुम्ही फोनवर तो वापरूच नका.

‘असॉल्ट’चा घोळ याहून मोठा आहे आणि तुमच्या विहीणबाईंची झोप त्यानेच उडवली असणार. आपल्या कायद्यात असॉल्टला अंगाला हात लागावाच लागत नाही. समोरच्याला आता हा आपल्यावर बळ वापरणार असं वाटावं असा हावभाव किंवा तयारी केली की असॉल्ट झाला. न्याय संहितेची धारा १३० तेच सांगते. नुसत्या शब्दांनी मात्र तो होत नाही. प्रत्यक्ष धरलं, ओढलं, दाबलं, की ते ‘आपराधिक बल’, धारा १२९. तुमच्या मुलीच्या बाबतीत बळ वापरलं गेलंय, हावभावावर थांबलेलं नाही.

‘सेक्शुअल असॉल्ट’ असा जोडशब्द कायद्यात आहे, पण तो १८ वर्षांखालच्या मुलामुलींसाठी, २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम ७ मध्ये. मोठ्या बाईच्या बाबतीत आपल्या न्याय संहितेत त्या नावाची धाराच नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये, दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर, सरकारने वटहुकूम काढून ‘बलात्कार’ या शब्दाच्या जागी हाच शब्द आणला होता. दोन महिन्यांत संसदेने कायदा केला तेव्हा तो काढून पुन्हा ‘बलात्कार’ ठेवला. इंग्रजी पत्रकारांना मात्र तो आवडला. बलात्कार लिहायचा संकोच वाटला की ते सेक्शुअल असॉल्ट लिहितात, कधी विनयभंगालाही तेच लिहितात. म्हणजे ज्याने बडोद्याला बातमी पोचवली त्याने ठरवून खोटं सांगितलं असंही म्हणता येत नाही. त्याने ऐकला तो शब्द पुढे ढकलला, आणि पलीकडच्या बाईने त्याचा सगळ्यात भयंकर अर्थ घेतला.

या ‘विनय’ शब्दावर माझा स्वतःचा राग आहे, तो इथे ओकते. १८६० साली इंग्रजांनी कायद्यात ‘मॉडेस्टी’ लिहिली आणि आपण ती अजून सांभाळतोय. ऐकणाऱ्याला वाटतं बाईचं काहीतरी भंगलं, तुटलं, आणि मग लोक तिच्याकडे बघायला लागतात, करणाऱ्याकडे नाही. निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने २०१३ मध्ये हे कलम बदलायला सुचवलं होतं. नवी संहिता आली तरी शब्द तोच राहिला. कोर्टांनी मात्र त्याचा अर्थ बराच सरळ केला आहे. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे साडेसात महिन्यांच्या बाळाचं प्रकरण होतं. एवढ्या तान्ह्या मुलीला कसला विनय, असा प्रश्न होता. न्यायालयाने बहुमताने सांगितलं, तिला काय कळलं हा मुद्दाच नाही, स्त्री म्हणून जन्मल्याबरोबर तो तिच्यापाशी असतो. पुढे आयएएस अधिकारी रूपन देओल बजाज यांच्या पार्श्वभागावर पार्टीत के. पी. एस. गिल यांनी चापट मारली, तेव्हाही ‘एवढंसं तर झालं’ असंच म्हटलं गेलं. घटना १९८८ ची. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये खटला चालवायला लावला, पुढे गिल दोषी ठरले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो दोष कायम राहिला. पंजाबचा पोलीसप्रमुख राहिलेला माणूस जिथे ‘एवढंसं’ म्हणून सुटला नाही, तिथे मंडळातल्या काकांची काय कथा. तेव्हा मुलीने काय घातलं होतं, ती हसून बोलायची का, हे कोणी विचारलं तर उत्तर द्यायला बसू नका. धारेत त्याला जागा नाही.

आता ‘छेडछाडच तर होती.’ हे वाक्य आपल्या माळव्यात फार गोड आवाजात म्हटलं जातं. छेडछाड म्हटलं की रस्त्यावर शिट्टी मारणारं पोरगं आठवतं, थोडी थट्टा, थोडा वात्रटपणा. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांसाठी एक पुस्तिका काढली, कोणते शब्द वापरू नयेत याची. त्यात ‘ईव्ह टीझिंग’ टाळून सरळ रस्त्यावरचा लैंगिक छळ म्हणा असं सांगितलंय. आणि बंद खोलीत मागून धरणं तर त्या पोरकट शब्दात कुठेच बसत नाही. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला वात्रट म्हणायचं असेल तर म्हणोत बापडे, पण मग त्या वात्रटपणाची शिक्षा ५ वर्षांपर्यंत आहे हेही त्यांना सांगा.

राखीचं वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि पाणी प्यायले. मंडळाच्या ज्येष्ठांना कदाचित माहीत नसेल की ही युक्ती आपल्याच हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात करून झाली आहे. ३० जुलै २०२० चा आदेश. उज्जैन जिल्ह्यातलं प्रकरण, शेजाऱ्याने घरात घुसून बाईला हात लावल्याचा आरोप. जामीन देताना अट घातली की आरोपीने राखीपौर्णिमेला मिठाई घेऊन तिच्या घरी जावं, तिच्याकडून राखी बांधून घ्यावी आणि ओवाळणी म्हणून ११ हजार रुपये द्यावेत. काही महिला वकील याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १८ मार्च २०२१ रोजी ती अट रद्द झाली. न्यायालयाने बजावलं की अशा गुन्ह्यांत आरोपीला पीडितेच्या संपर्कात आणणाऱ्या अटी घालू नयेत, तडजोड किंवा लग्न सुचवू नये, गुन्हा हलका करून दाखवू नये. न्यायाधीशांना जे करायला मनाई आहे, ते मंडळाच्या कार्यकारिणीने करायचं? अपर्णा भट विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, एवढं नाव त्यांना सांगा. इंदूरच्या कोणत्याही वकिलाला ते ठाऊक असतं.

‘केस परत घ्या’ हेही तुमच्या हातात नाही, आणि हे एका परीने बरंच आहे. केस आता तुमची राहिलेली नाही, मध्य प्रदेश शासन विरुद्ध तो माणूस अशी झाली आहे. आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांची यादी नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी केस कशी चालवायची ते सांगणाऱ्या कायद्याच्या, ३५९ व्या कलमात आहे, तिच्यात ७४ नाही. हायकोर्टात जाऊन केस रद्द करून घ्यायचा मार्ग लोक काढतात. पण राजस्थानात एका शिक्षकावर विद्यार्थिनीशी लैंगिक गैरवर्तनाची केस होती, घरच्यांशी तडजोड झाली म्हणून हायकोर्टाने ती रद्द केली, आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा जिवंत केली. यापुढे कोणी मध्यस्थीला आलं की तारीख, माणूस आणि तो काय म्हणाला एवढं वहीत लिहून ठेवा. भाषा धमकीची वाटली तर तपास अधिकाऱ्याला लेखी द्या. आरोपीला जामीन मिळाला असेल तर साक्षीदारावर दबाव आणल्याबद्दल तो रद्दही होऊ शकतो.

तो मोकळा फिरतोय याने खचून जाऊ नका. ७४ अजामीनपात्र आहे, याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा नव्हे. तो हक्काने मागता येत नाही, द्यायचा की नाही हे कोर्ट ठरवतं. शिवाय ७ वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलीस लगेच अटक न करता नोटीस देऊन चौकशीला बोलावू शकतात. बहुतेक ठिकाणी हल्ली तेच होतं. केसचा निकाल बयान, चालान (म्हणजे पोलिसांचं आरोपपत्र) आणि साक्षीवर लागतो, आरोपी कुठे फिरतो यावर नाही.

आता बयानाकडे येते. माझ्या मते बडोद्याच्या फोनपेक्षा हे कितीतरी महत्त्वाचं आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली न्यायदंडाधिकारी ते लिहून घेतात, आणि अशा गुन्ह्यांत होता होईल तो महिला दंडाधिकारी असतात. तिथे तुमच्या मुलीने विनयभंग, मॉलेस्टेशन, छेडछाड यांतला एकही शब्द वापरू नये. ‘गलत तरीके से छुआ’, ‘बॅड टच किया’ हेही नको. शिकलेल्या मुली संकोचाने हेच बोलतात, आणि मग उलटतपासात वकील विचारतो, गलत म्हणजे कसं? खांद्याला चुकून धक्का लागला तोही गलतच की! तिने सरळ सांगावं. खोलीचं दार उघडं होतं की लोटलेलं. ती काय उचलायला वाकली होती किंवा उभी होती. त्याने कोणत्या बाजूने धरलं, हात कुठे होता. छाती तर छाती म्हणावं, ‘इधर’ म्हणून बोट दाखवू नये. कारण बोट कागदावर उतरत नाही. तो काय म्हणाला, त्याच्याच शब्दांत, मराठीत म्हणाला असेल तर मराठीतच. ती कशी सुटली, बाहेर आल्यावर पहिलं माणूस कोण भेटलं, त्याने तिचा चेहरा बघून काही विचारलं का. आठवत नसेल तिथे ‘याद नहीं’ म्हणायचं, मनाने भरायचं नाही. हलकं करून सांगायचं नाही, वाढवायचंही नाही. कोणती धारा लागते ते ठरवायला पोलीस आहेत, सरकारी वकील आहेत, जज आहेत. मुलीने फक्त काय घडलं ते सांगायचं.

चार दिवसांचा उशीर विचारला जाईल. तिने खरं कारण सांगावं, भीती वाटली, काकांना घरचे मानतात, आई काय म्हणेल कळेना. जे असेल ते. लैंगिक गुन्ह्यांत घराच्या अब्रूच्या विचाराने तक्रारीला उशीर होतो, तेवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच पंजाब राज्य विरुद्ध गुरमीत सिंग या निकालात स्पष्ट केलंय. तिची साक्ष भरवशाची असेल तर ती एकटीही पुरते, हेही त्याच निकालात आहे. बयानाआधी कोणाशी बोलायचं असेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. फोन १५१००.

बडोद्याचं. मी तुमच्या जागी असते तर मुलीला विचारल्याशिवाय एक अक्षर बोलले नसते. बातमी तिची आहे. ती म्हणाली तू बोल, तर फोन करा आणि दोनच वाक्यं सांगा: ‘मंडळातल्या एका माणसाने तिला जबरदस्तीने धरलं आणि अंगाला हात लावला. तिने त्याला ढकललं आणि पोलिसात तक्रार केली, केस चालू आहे.’ बस. इथे एक मोह होईल, तो टाळा. ‘नाही हो, तसलं काही झालं नाही, नुसतं मॉलेस्टेशन’ असं म्हणावंसं वाटेल. विहीणबाईंना धीर येईल खरा. पण हे ‘नुसतं’ उद्या आरोपीच्या वकिलाच्या तोंडी शोभेल, तुमच्या नको. आणि त्यात दुसरंही एक दडलंय. ‘तसलं’ झालं असतं तर मुलगी पसंत राहिली नसती, हे आपण आपल्याच तोंडाने कबूल करतो. समजा तसलं झालं असतं, तरी पोर तीच होती, आणि लाजायचं तेव्हाही त्यानेच होतं. हे ऐकून ते घर मागे सरलं तर त्या घराबद्दल तुम्हाला लग्नाआधी कळलं. सरलं नाही, आणि नवरामुलगा ‘बयानाच्या दिवशी मी इंदूरला येऊ का’ म्हणाला, तर पोहे मी खाऊ घालते.

एफआयआरची नक्कल मात्र बडोद्याला व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, भाच्यालाही सांगा मोबाइलमधून काढून टाक. तिच्यावर मुलीचं नाव, पत्ता, सगळं आहे. पोलिसांच्या वेबसाइटवर अशा संवेदनशील गुन्ह्यांच्या एफआयआर टाकू नयेत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच सांगितलंय. पण घरच्यांच्या ग्रुपला कोण अडवणार? पीडितेची ओळख छापण्यावर बंदी घालणारी न्याय संहितेची धारा ७२ बलात्काराच्या धारांपुरती आहे, ७४ तिच्यात येत नाही. लोकांना हे माहीत नसतं, वाटतं कायदा सांभाळेल.

नाटकाबद्दल. सोडायचं असेल तर तिच्या मनाने सोडू दे, तुमच्या किंवा मंडळाच्या सोयीसाठी नको. तिला करायचं असेल तर कार्यकारिणीला लेखी अर्ज द्या: केस संपेपर्यंत त्या गृहस्थांनी तालमीच्या जागी येऊ नये, सामानाच्या खोलीची किल्ली दोन बायकांकडे राहावी, आणि तालमीची वेळ नोटीस बोर्डावर लावावी. अर्ज अध्यक्षांच्या नावाने, दोन प्रतींत. एका प्रतीवर सही-शिक्का घेऊन ती घरी आणा. ते तोंडी ‘बघतो’ म्हणाले तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती एफआयआरच्या फायलीत लावा.